वाचकांचे प्रश्न : हिरवळीचे ठोंब किती अंतरावर लावावेत?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. नाशिकजवळ आमच्या घरामागे ३० फूट लांब आणि २० फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. गेल्या जूनच्या अखेरीस एका रोपवाटिकेच्या माळीबुवांनी तेथे कोरियन लॉनचे ठोंब एकेका फुटाच्या अंतराने लावून दिले आणि ‘दर पंधरवड्याला किलोभर युरिया टाकत राहा, दिवाळीपर्यंत गालिचा होईल’ असे सांगितले. आम्ही तो नेम इमाने पाळला. दिवाळी झाली, संक्रांत झाली, आता वैशाख चालू आहे. तरी ठोंब अजून बेटांसारखे सुटे दिसतात आणि मधल्या जागेत लव्हाळा माजला आहे. ठोंब गर्द हिरवे आहेत, पण पसरत नाहीत. खत कमी पडले का? युरिया वाढवावा, की सगळे उपटून नव्याने लावावे?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : खत कमी पडलेले नाही, उलट ते फार झाले आहे. कमी पडले ते ठोंब. मात्र सगळे उपटण्याची काही गरज नाही, आणि आपण योग्य वेळी विचारले आहे, कारण पाऊस तोंडावर आहे.

प्रथम या गवताचा स्वभाव पाहू. आपल्याकडे लॉनसाठी वापरली जाणारी बहुतेक गवते उष्ण हंगामाची, म्हणजे ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका यांच्याप्रमाणे कडक उन्हात जोमाने वाढणारी असतात. दिवसाचे तापमान २७ ते ३५ अंशांच्या दरम्यान असले की ती सुखात असतात आणि थंडी पडली की हातपाय आखडून घेतात. परंतु या एका गटातही चालीचा फरक फार मोठा आहे. हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्याच दूर्वा, पेऱ्यापेऱ्याला मूळ धरत पावसाळ्यात महिन्याभरात हातभरसुद्धा धावते. शेतकरी तिच्या काश्या वेचून वेचून थकतो ते याचमुळे. कोरियन गवत झॉयसिया वंशातले. तेही जमिनीवरून आणि जमिनीखालून कांड्या सोडते, परंतु अत्यंत सावकाश. माझ्या अंगणात चांगल्या पावसाच्या चार महिन्यांत ते ठोंबाच्या कडेपासून चार बोटे सरकले, आणि त्या वर्षी मी त्याची निगाही मन लावून केली होती. आपल्या माळीबुवांनी हरळीचे अंतर कोरियनला लावले, सारा घोटाळा तेथेच झाला.

आता अंतराचा हिशेब करू. तो सरळ आहे, पण सहसा कोणी करत नाही. ठोंब चौरस मांडणीत एक फुटावर लावले, तर चार ठोंबांच्या मधला जो बिंदू प्रत्येकापासून सर्वांत लांब असतो, तो ठोंबाच्या केंद्रापासून साडेआठ इंचांवर येतो. ठोंब दोन इंचांचा धरला, तरी त्याच्या कडेपासून गवताला साडेसात इंच, म्हणजे वितीपेक्षा थोडेच कमी अंतर चालून जायचे असते. वर्षाला चार-पाच बोटे चालणाऱ्या गवताला त्यासाठी दोन पावसाळेही अपुरे पडतात. हेच अंतर सहा इंचांवर आणले, तर चालायचे अंतर सव्वातीन इंच राहते, म्हणजे एका हंगामाचे काम. चार इंचांवर आणले, तर पावणेदोन इंच. अंतर निम्मे केले की ठोंब चौपट लागतात, हा त्याचा खर्च. परंतु गवत मिटायला, म्हणजे एकमेकांना भिडून सगळी जागा झाकायला, लागणारा वेळ निम्म्याहून अधिक घटतो, आणि तणाला मोकळे रान मिळते ते नेमके याच वेळात.

ठोंब चौपट म्हणजे पैसेही चौपट, असे वाटून माणूस बिचकतो, म्हणून तेही मोजू. लाद्यांच्या रूपात विकत मिळणाऱ्या गवताच्या एक चौरस फुटाच्या तुकड्यातून दोन इंची ३६ ठोंब निघतात. आपल्या ६०० चौरस फुटांना एक फुटाच्या अंतराने ६०० ठोंब लागले, म्हणजे सुमारे १७ चौरस फूट गवत. सहा इंचांच्या अंतराने २,४०० ठोंब, म्हणजे सुमारे ६७ चौरस फूट. चार इंचांच्या अंतराने ५,४०० ठोंब, म्हणजे १५० चौरस फूट. सबंध जागेवर लाद्या अंथरायच्या तर मात्र पूर्ण ६०० चौरस फूट विकत घ्यावे लागते. तेव्हा सहा इंचांच्या लागवडीला अंथरलेल्या लॉनच्या नवव्या हिश्श्याइतकेच गवत लागते. मी स्वतः कोरियनसाठी याहून विरळ लागवड कधी सुचवत नाही, आणि ज्यांच्याकडे तण वेचायला हात कमी आहेत त्यांना चार इंचच सांगतो. ठोंब एकदाच विकत घ्यावे लागतात, खुरपणीची मजुरी मात्र दर महिन्याला द्यावी लागते.

ओळी चौकटीत न लावता दुसऱ्या ओळीचे ठोंब पहिल्या ओळीच्या दोन ठोंबांच्या मधोमध येतील असे तिरके लावावेत. सहा इंचांच्या त्रिकोणी मांडणीत सर्वांत लांबचा बिंदू सव्वाचार इंचांऐवजी साडेतीन इंचांवर येतो. ठोंब साधारण १५ टक्के अधिक लागतात, पण गवत सारखे मिटते आणि चौकटीच्या मध्यभागी शेवटपर्यंत रेंगाळणारे टक्कल राहत नाही.

आता युरिया. ‘खत भरपूर घातले की गवत पळते’ हे हरळीच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे आहे. हरळी फुटाफुटावर लावून तिला नत्राचा (नायट्रोजनचा) हप्ता वेळेवर दिला, तर ती मधली जागा एका पावसाळ्यात भरून काढते. तिच्या बाबतीत अंतराची उणीव काही प्रमाणात खताने भरता येते. कोरियनच्या बाबतीत ती येत नाही. त्याची चाल जात्याच मंद असते, आणि जास्तीचे नत्र मिळाले की ते पाने वाढवते, रंग गडद करते, परंतु कांड्या त्या मानाने धावत नाहीत. ठोंब गर्द हिरवे आहेत पण पसरत नाहीत, हे आपण लिहिले आहे ते याचेच लक्षण होय. मधल्या उघड्या मातीवर पडलेला युरिया कोणाच्या तोंडी गेला, हे तर आपण रोज पाहतच आहात. लव्हाळाही उन्हाचा भुकेला आणि कोरियनच्या कितीतरी पट चपळ. वर्षभर आपण मुख्यतः त्यालाच पोसले.

मात्रेचा हिशेबही पाहावा. युरियात ४६ टक्के नत्र असते. दर पंधरवड्याला एक किलो, म्हणजे महिन्याला दोन किलो युरिया ६०० चौरस फुटांना दिला, तर चौरस मीटरमागे महिन्याला सुमारे साडेसोळा ग्रॅम नत्र पडते. रुजत असलेल्या कोरियनला महिन्याला अडीच ग्रॅम पुरते. म्हणजे गरजेच्या साडेसहापट.

योग्य क्रम असा. लागवडीपूर्वी जमीन फावड्याने वीतभर खणून दर १०० चौरस फुटांना दहा घमेली पूर्ण कुजलेले शेणखत आणि ३०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट वरच्या चार-सहा इंचांत मिसळून घ्यावे. सुपर फॉस्फेटमधले स्फुरद (फॉस्फरस) मातीत जागचे फारसे हलत नाही, त्यामुळे ते नंतर वरून टाकण्यापेक्षा आधीच मुळांच्या वाटेत ठेवणे शहाणपणाचे असते. शेणखत कच्चे असेल तर घालू नये. त्यातून येणारे तणाचे बी पुढे दोन वर्षे छळते. लागवडीनंतर पहिले तीन आठवडे नत्र मुळीच देऊ नये, कारण घ्यायला मुळेच नसतात. तीन आठवड्यांनी एखादा ठोंब दोन बोटांत धरून हलकेच वर ओढून पाहावा. तो सहज हातात आला तर आणखी आठवडाभर थांबावे. मातीला चिकटून राहिला आणि कडेला ताजी पांढरी मुळे दिसली, की पहिला हप्ता द्यावा. तो दर १०० चौरस फुटांना ५० ग्रॅम युरिया, म्हणजे आपल्या जागेला ३०० ग्रॅम, महिन्यातून एकदा, जून अखेरपासून सप्टेंबर अखेरपर्यंत. हरळी असती तर हीच मात्रा दर पंधरवड्याला चालली असती.

युरिया टाकण्याची रीतही सांगितली पाहिजे, कारण माझी स्वतःची फजिती त्यातूनच झाली. पूर्वी एकदा सकाळच्या दवाने ओल्या असलेल्या गवतावर मी युरिया मुठीने फेकला आणि ‘संध्याकाळी पाणी देऊ’ म्हणून घरात गेलो. चौथ्या दिवशी माझी मूठ जिथे जिथे उघडली होती तिथे तिथे पंख्याच्या आकाराचे तपकिरी पट्टे उमटले. हात कसा फिरला ते शेजाऱ्यांनाही कुंपणापलीकडून दिसत होते. तेव्हापासून मी मोजलेला युरिया घमेलेभर कोरड्या बारीक मातीत मिसळतो, त्याचे दोन सारखे वाटे करतो, एक वाटा उभा आणि दुसरा आडवा फेकतो. गवताची पाने त्या वेळी कोरडी असावी लागतात, आणि खत टाकून झाले की लगेच पाइपने धुऊन काढावे लागते.

गवताला पसरवण्यासाठी युरियाहून अधिक उपयोग होतो तो मातीचा. कोरियनची कांडी जमिनीवरून सरपटताना तिचे पेरे मातीला टेकले तरच ते मूळ धरते. अधांतरी राहिलेली कांडी उन्हात वाळते. म्हणून जुलैपासून महिन्यातून एकदा चाळलेली माती, वाळू आणि कुजलेले खत सारख्या प्रमाणात मिसळून ठोंबांच्या कडेकडेने अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा आणि झाडूच्या पाठीने तो पानांखाली सारावा. पाने झाकू नयेत. नंतर हलका रोलर किंवा नुसता पाट्याचा दाब दिला तरी चालतो. जुन्या माळ्यांकडून शिकलेली ही गोष्ट आहे आणि कोरियनच्या बाबतीत तिच्या तोडीचा दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

कापणीबद्दल थोडक्यात सांगतो. गवत मिटेपर्यंत कात्री लावायची नाही, हा समज चुकीचा आहे. पाने दोन इंचांवर गेली की वरचा एक तृतीयांश भाग छाटावा. शेंडा छाटला की बाजूचे फुटवे जागे होतात.

आता आपल्या जागेचे काय करावे ते पाहू. मेअखेरपर्यंत लव्हाळा खुरप्याने खणून काढावा, नुसता उपटू नये. हाताने ओढला की पात हाती येते आणि खालच्या गाठी तशाच राहतात. त्या गाठी एकमेकींना दोऱ्याने ओवल्यासारख्या जोडलेल्या असतात आणि मागे राहिलेल्या गाठी पुन्हा फुटतात. एका खणणीत तो संपत नाही. पाणी द्यावे, आठ-दहा दिवसांत नवी पात फुटली की पुन्हा खणावे, असे निदान तीनदा करावे. प्रत्येक वेळी गाठींतला साठा कमी होत जातो. या काळात युरिया पूर्ण बंद ठेवावा.

जूनमध्ये एक-दोन चांगले पाऊस झाले की सुतळी ताणून जुन्या चार-चार ठोंबांच्या बरोबर मध्यभागी एकेक नवा ठोंब लावावा. असे सुमारे ६०० ठोंब लागतील, आणि एवढ्यानेच आपले अंतर एक फुटावरून साडेआठ इंचांवर येईल. खर्च सोसत असेल तर यासोबतच उभ्या आणि आडव्या प्रत्येक जोडीच्या मधोमधही एकेक ठोंब लावावा. म्हणजे एकूण १,८०० नवे ठोंब लागून सर्वत्र सहा इंचांचे अंतर होईल. मी हा दुसरा मार्ग निवडेन. नवे ठोंब सगळेच विकत घ्यायला नकोत: आपले वर्षभराचे ठोंब आता मुठीएवढे झाले असतील तर त्यांच्या एका कडेचा दोन इंची तुकडा धारदार सुरीने मुळांसकट कापून घेता येतो. आईठोंबाची पोकळी मातीने भरून टाकावी, तो महिन्यात सावरतो. ठोंब मातीच्या पातळीतच बसवावा. खोल गेला तर त्यावर पाणी साचते, उंच राहिला तर कडेने वाळतो. पायाने घट्ट दाबून घ्यावे.

पावसाने ओढ दिली तर पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा हलके पाणी, त्यानंतर दोन-तीन दिवसांआड पण खोलवर मुरेल असे. सप्टेंबर संपला की नत्र थांबवावे. आपल्या भागात निफाडचा पारा दरवर्षी किती खाली जातो हे मी आपणास सांगायला नको. तशा थंडीत कोरियन पिवळसर तपकिरी पडेल. तो त्याचा विसावा असतो. त्या रंगाला भिऊन जानेवारीत युरिया टाकला, तर त्याचा फायदा कोणाला होईल हे आपण एका हिवाळ्यात पाहिलेच आहे. शिवरात्रीनंतर उबदार रात्री सुरू झाल्या की पहिला हप्ता पुन्हा द्यावा.

प्रश्न : पुण्यात आमच्या सोसायटीच्या बागेत चार महिन्यांपूर्वी बर्म्युडा जातीच्या लॉनच्या लाद्या अंथरल्या आहेत. पाणी बोअरवेलचे आहे. अलीकडे गवत पिवळे पडू लागले आहे. युरिया दोनदा दिला, वाढ झाली, पण पिवळेपणा गेला नाही. मात्रा वाढवावी काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मात्रा वाढवण्यापूर्वी एक पाते तोडून उजेडासमोर धरावे. नत्र कमी पडले असेल तर आधी खालची जुनी पाने सरसकट फिकी होतात. आपल्याकडे कोवळी, नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या अशा बारीक उभ्या रेघा दिसत असतील, तर तो लोहाचा अभाव होय. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यावर हे वारंवार घडते. मातीत लोह असते, परंतु सामू (पीएच) चढल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही, आणि युरियाने वाढ जितकी जोरात होते तितकी ही उणीव अधिक उघडी पडते. दोनदा युरिया देऊनही वाढ झाली आणि रंग आला नाही, यावरून मला तरी हेच वाटते.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम आणि त्यात १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड असे द्रावण करून उन्हे उतरल्यावर पानांवर फवारावे. आपली हिरवळ नवी आहे, म्हणून प्रथम एका कोपऱ्यात निम्म्या तीव्रतेचे फवारून दोन दिवस पाहावे. द्रावण तयार केले की त्याच दिवशी संपवावे. फरशीवर आणि पायवाटेवर थेंब उडू देऊ नयेत. त्यांचे गंजाचे डाग सहजासहजी जात नाहीत आणि सोसायटीच्या सभेत त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल. पुढचे नत्र युरियातून न देता अमोनियम सल्फेटमधून द्यावे, कारण ते माती किंचित आम्ल करते. त्यात नत्र सुमारे २०.६ टक्केच असल्याने ५० ग्रॅम युरियाच्या जागी ११० ग्रॅम लागेल. माती आणि पाणी दोन्हींचे परीक्षण एकदा करून घ्यावे.

प्रश्न : सावंतवाडीला आमच्या अंगणात फणस आणि आंबा यांच्या खाली हरळीचे ठोंब चार इंचांवर, म्हणजे चांगले दाट लावले होते. पहिल्या पावसात छान फुटले, श्रावणापर्यंत विरळ झाले. आणखी दाट लावावे का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. हरळीला दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन लागते. ते नसेल तर ठोंब कितीही दाट लावले तरी ते लांबट, फिकट होऊन एकेक करून जातात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ढगांमुळे उरलेला उजेडही कमी होतो. आंब्याखाली कवडसे पडत असतील तर तेथे रुंद पानांचे कार्पेट ग्रास सहा इंचांवर लावून पाहावे. ते सावली, ओल आणि जांभ्याची आम्ल माती ही तिन्ही बऱ्यापैकी सोसते. त्याला उन्हातल्या हिरवळीच्या निम्मेच नत्र द्यावे आणि तेही थोडेथोडे, जुलैच्या मुसळधारेत तर मुळीच नाही, कारण ते मुळांशी पोहोचण्याआधीच पाण्यासोबत वहाळात जाते. चुना घालायचा झाल्यास माती तपासूनच घालावा. फणसाखालच्या दाट सावलीत मात्र गवताचा नाद सोडून पडणारा पाचोळा तसाच राहू द्यावा.